आरसा कोणाच्या हाती? : पॉम्पेईतील व्हेट्टींच्या घराचे वाचन

साहित्य हा समाजाचा आरसा असतो, हे विधान आपल्याकडे पदवीच्या पहिल्या वर्षापासून कानावर पडते. त्याच्या मर्यादाही पुढे यथावकाश शिकवल्या जातात. आरशातले प्रतिबिंब जसेच्या तसे नसते, लेखकाच्या दृष्टीतून ते वळण घेऊन येते, वगैरे. परंतु या साऱ्या चर्चेत एक प्रश्न बहुधा मागेच राहतो. ज्याचे प्रतिबिंब पडले तो माणूस आणि ज्याने आरसा धरला तो माणूस यांचे परस्परांशी नाते काय होते? आणि त्याला जोडूनच दुसरा प्रश्न : ज्या समाजाच्या भिंती, तिजोऱ्या आणि चुलीवरची भांडीसुद्धा जमिनीखालून आपल्या हाती आली आहेत, त्या समाजाकडे पाहताना तरी आपण आधी वाचलेले पुस्तक बाजूला ठेवू शकतो काय?

या प्रश्नांची कसोटी पाहण्यास पॉम्पेईतील 'व्हेट्टींचे घर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वास्तूइतके चांगले उदाहरण क्वचित सापडेल. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात हे नगर गाडले गेले. तेथील उत्खननाला १७४८ साली आरंभ झाला असला, तरी हे घर उजेडात आले ते १८९४ ते १८९६ या काळात. पुरातत्त्वाच्या इतिहासात या उत्खननाला एक वेगळे स्थान आहे. तोपर्यंतची रीत अशी होती की, उत्तम चित्र दिसले की ते भिंतीतून कापून काढायचे आणि नेपल्सच्या संग्रहालयात न्यायचे. मूर्ती, भांडी यांचीही तीच गत. व्हेट्टींच्या घरात मात्र चित्रे भिंतींवर आणि बागेतील शिल्पे बागेतच ठेवण्यात आली. छपरे पुन्हा उभारली गेली, वाफ्यांत झाडे लावली गेली. म्हणजे येथे वाचकाला सुटी अवतरणे मिळत नाहीत, सलग संहिता मिळते. २००२ साली दुरुस्तीसाठी बंद झालेले हे घर २०१६ मध्ये अंशतः आणि जानेवारी २०२३ मध्ये पूर्णपणे पुन्हा खुले झाले.

घराचे क्षेत्रफळ सुमारे ११०० चौरस मीटर आहे. रस्त्यावरून आत येताच चिंचोळा प्रवेशमार्ग लागतो. त्याच्या एका खांबावर प्रायापस या देवतेचे चित्र आहे. फळबागांचा, सुफलतेचा हा देव आपले प्रचंड लिंग तराजूच्या एका पारड्यात तोलतो आहे. दुसऱ्या पारड्यात पैशाची थैली आहे आणि पायाशी फळांनी भरलेली टोपली. पुढे अट्रियम, म्हणजे मधोमध आकाशाला खुला असलेला आणि पावसाचे पाणी झेलणारा चौक. वाड्याचा चौक पाहिलेल्या मराठी माणसाला त्याची कल्पना सांगावी लागत नाही. या चौकात दोन बाजूंना दगडी बैठकींवर लोखंड आणि कांस्य यांनी मढवलेल्या दोन मोठ्या तिजोऱ्यांचे अवशेष सापडले. रोमन घरात चौकाच्या टोकाशी 'टॅब्लिनम' नावाची दर्शनी बैठक असे. गृहस्वामी तेथे बसून आश्रितांच्या भेटी घेई. व्हेट्टींच्या घरात ती नाही. चौकातून दृष्टी थेट मागच्या स्तंभवेष्टित बागेवर जाते. तेथे शिशाच्या नळांतून पाणी खेळवलेले होते आणि कारंज्यांची डझनभर शिल्पे उभी होती.

बागेभोवती भोजनाच्या आणि पाहुण्यांना बसवण्याच्या खोल्या आहेत. त्यांच्या भिंती इ. स. ६२ च्या भूकंपानंतर, चौथ्या शैलीत रंगवलेल्या आहेत. पॉम्पेईच्या भित्तिचित्रांची चार शैलींत विभागणी ऑगस्ट माऊ या जर्मन अभ्यासकाने १८८२ साली केली आणि अद्यापही तीच वापरात आहे. एका खोलीत इक्सिऑनला चाकावर बांधण्याचा प्रसंग, डीडॅलस व पॅसिफाई, आणि डायोनायसस व अॅरिअॅड्नी अशी तीन चित्रे आहेत. दुसऱ्या खोलीत पाळण्यातल्या वयात सापांचा गळा दाबणारा हेराक्लीझ, उन्मत्त स्त्रियांच्या हातून मारला जाणारा राजा पेन्थियस आणि बैलाला बांधली जात असलेली दिर्की. सर्वांत मोठ्या खोलीत काळ्या पट्ट्यावर चिमुकले पंखधारी क्यूपिड कामे करताना दिसतात. कोणी सुगंधी तेल तयार करतात, कोणी सोनारकाम, कोणी हार विकतात, कोणी कापड धुतात, कोणी द्राक्षे तुडवून मद्य विकतात.

हे घर कोणाचे? चौकात कांस्याचे दोन शिक्के मिळाले. एकावर आऊलस व्हेट्टियस रेस्टिट्यूटस आणि दुसऱ्यावर आऊलस व्हेट्टियस कॉन्व्हिव्हा अशी नावे आहेत. रोमन प्रथेनुसार दास मुक्त झाला की तो आपल्या पूर्वस्वामीचे पहिले व कुलाचे नाव धारण करी. दोघांचीही ही नावे एकच आहेत. म्हणून हे दोघे आऊलस व्हेट्टियस नावाच्या कोणा एकाच धन्याचे मुक्तदास असावेत, असे अनुमान काढण्यात आले. कॉन्व्हिव्हा हा 'ऑगस्टालिस', म्हणजे सम्राटपूजेशी निगडित अशा मंडळाचा सदस्य होता. हे पद मुख्यतः श्रीमंत मुक्तदासांना मिळे, कारण नगराची अधिकारपदे कायद्याने त्यांना बंद होती. (त्यांच्या स्वतंत्र म्हणून जन्मलेल्या मुलांना मात्र ती खुली असत.) लुशियस कीसिलियस युकुंडस या पॉम्पेईतील दलालाच्या मेणपाट्यांचा संग्रह १८७५ साली सापडला. त्यातील साक्षीदारांतही कॉन्व्हिव्हाचे नाव आहे.

अनुमान सयुक्तिक आहे, पण ते अनुमानच आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मात्तेओ देल्ला कोर्ते यांनी शिक्के आणि भिंतींवरील निवडणूक-घोषणा यांच्या आधारे पॉम्पेईतील शेकडो घरांना मालक मिळवून दिले. पुढील पिढीतील अभ्यासकांनी या पद्धतीवर सडकून टीका केली. शिक्का हातात मावणारी वस्तू आहे. तो मुनिमाचाही असू शकतो, दुसऱ्या घरातून आलेलाही असू शकतो. व्हेट्टींच्या बाबतीत पुरावा इतरांपेक्षा बळकट आहे, म्हणून बहुतेक विद्वान तो मान्य करतात आणि या लेखातही तो मान्य केला आहे. पण 'मालक मुक्तदास होते' हे एकदा ठरल्यावर त्या घराच्या वाचनाचे पुढे काय झाले, हा येथील मुख्य मुद्दा आहे.

झाले ते असे की, घर खणले जाण्यापूर्वीच त्याचे वर्णन लिहून तयार होते. पेट्रोनियसच्या 'सॅटिरिकॉन' या कथनात ट्रिमाल्कियो नावाच्या गडगंज मुक्तदासाच्या घरच्या मेजवानीचा दीर्घ भाग आहे. पेट्रोनियस हा सम्राट नीरोच्या दरबारातील रसिकतेचा अधिकारी मानला गेलेला आणि इ. स. ६६ मध्ये आत्महत्येस भाग पाडला गेलेला उमराव होय, असे सामान्यतः मानतात. त्याचा ट्रिमाल्कियो आपल्या दाराशी भिंतीवर कुत्रा रंगवून घेतो. गुलामांच्या बाजारापासून वैभवापर्यंतचा स्वतःचा प्रवास चित्ररूपाने भिंतीवर मांडतो. पाहुण्यांसमोर पुराणकथांची सरमिसळ करतो, इतकी की डीडॅलसने नायोबीला ट्रॉयच्या घोड्यात कोंडले, असे तो ठणकावून सांगतो. जहाजे बुडाली, पुन्हा बांधली, मद्य लादले आणि एका फेरीत कोट्यधीश झालो, ही कथा तो ऐकवतो. शेवटी स्वतःच्या अंत्यविधीची रंगीत तालीमही उरकून घेतो. मेजवानीचा हा संपूर्ण भाग आधुनिक युरोपला उपलब्ध झाला तो सतराव्या शतकात. डाल्मेशियाच्या किनाऱ्यावरील ट्रोगिर येथे हस्तलिखित मिळाले आणि १६६४ साली पादुआ येथे ते छापले गेले. तेव्हापासून 'ट्रिमाल्कियो' हे नवश्रीमंताचे सामान्यनामच होऊन बसले. 'द ग्रेट गॅट्सबी'चे लेखक फिट्झजेराल्ड यांच्या मनात त्या कादंबरीसाठी याच नावाचे शीर्षक होते, हे साहित्याच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेल.

अशा पार्श्वभूमीवर १८९४ साली एक भव्य घर निघाले. त्याचे मालक मुक्तदास, दाराशी पैशाची थैली, चौकात तिजोऱ्या, भिंतीवर चित्रांची दाटी! विसाव्या शतकातील कितीतरी वर्णनांतून या घरावर ट्रिमाल्कियोची छाया पडलेली दिसते. दिखाऊपणा, अभिरुचीचा अभाव, उसनी संस्कृती, पैशाचे ओंगळ प्रदर्शन हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. लॉरेन हॅकवर्थ पीटरसन यांनी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, मुक्तदास आणि रोमन कला या विषयावरील ग्रंथात या सवयीला 'ट्रिमाल्कियो-दृष्टी' असे समर्पक नाव दिले. मुक्तदासाशी जोडलेली कोणतीही वास्तू दिसली की अभ्यासक ती पेट्रोनियसच्या चष्म्यातून पाहतो आणि मग पेट्रोनियसचे म्हणणे खरे होते याचा पुरावा म्हणून तीच वास्तू पुढे करतो. हा युक्तिवाद वर्तुळाकार आहे. पॉल व्हेन या फ्रेंच इतिहासकारांनी १९६१ सालीच ट्रिमाल्कियोच्या चरित्राचा सामाजिक इतिहासाच्या अंगाने विचार करून त्या पात्राकडे पाहण्याची वेगळी वाट दाखवली होती. परंतु घरांच्या वाचनातून ही छाया हटण्यास बराच काळ जावा लागला.

आरोप एकेक करून तपासू. पहिला आरोप तिजोऱ्यांचा. चौकात तिजोरी ठेवणे हा जर नवश्रीमंताचा उथळपणा असेल, तर ओबेलियस फर्मस या प्रतिष्ठित नगराधिकाऱ्याचे म्हणून समजल्या जाणाऱ्या घराच्या चौकातही तिजोरी आहे, तिचे काय करावयाचे? रोमन घरात तिजोरीची जागाच चौकात होती. ज्या मांडणीला एका घरात परंपरा म्हटले, तिलाच दुसऱ्या घरात प्रदर्शन म्हटले गेले.

दुसरा आरोप टॅब्लिनमच्या अभावाचा. मुक्तदासाकडे आश्रित कुठून येणार, म्हणून त्याला दर्शनी बैठकीची गरजच नव्हती, असे स्पष्टीकरण दिले जाते. त्याला आधार मिळतो तो विट्रुव्हियसचा. सम्राट ऑगस्टसला अर्पण केलेल्या वास्तुशास्त्रावरील ग्रंथाच्या सहाव्या भागात तो म्हणतो की, सामान्य ऐपतीच्या लोकांना भव्य दालनांची जरुरी नाही, कारण ते दुसऱ्यांच्या भेटीला जातात, त्यांच्या भेटीला कोणी येत नाही. सावकारांना चोरांपासून सुरक्षित आणि देखणी घरे हवीत, अधिकारपदे भूषवणाऱ्यांना राजेशाही उंचीची. हे वर्णन वस्तुस्थितीचे कमी आणि औचित्याच्या नियमांचे अधिक आहे, हे साहित्यशास्त्र वाचणाऱ्यास लगेच ध्यानात येईल. कोणत्या पात्राच्या तोंडी कोणती भाषा शोभते, हे नाट्यशास्त्रकार ज्या अधिकाराने सांगतात, त्याच अधिकाराने विट्रुव्हियस कोणाला कोणते दालन शोभते ते सांगतो. प्रत्यक्षात इसवी सनाच्या पहिल्या शतकात चौक आणि बैठक यांचे महत्त्व एकंदरीतच ओसरून बागेकडे घराचा कल झुकत होता. शेजारच्या हर्क्युलेनियममधील 'हरणांचे घर' या अत्यंत श्रीमंत वास्तूतही टॅब्लिनम नाही. तेथे मात्र त्याला बदलती वास्तुरुची म्हटले जाते.

तिसरा आरोप प्रायापसचा. दारावरचे हे चित्र आधुनिक पाहुण्याला अश्लील वाटले. बराच काळ ते झाकून ठेवलेले असे आणि निवडक पुरुष पाहुण्यांनाच उघडून दाखवले जाई. पण पॉम्पेईत लिंगचिन्ह रस्त्यावर, दुकानांवर, भट्टीवर अशा कितीतरी ठिकाणी आढळते. दृष्ट लागू नये, भरभराट व्हावी, हा त्यामागील भाव. पाहणाऱ्याला हसू यावे हेही त्यात अभिप्रेत होते, कारण हसण्याने मत्सराची धार बोथट होते अशी समजूत होती. ज्याचे वैभव शेजाऱ्यांच्या डोळ्यांत खुपण्याची शक्यता सर्वांत अधिक, त्याने दाराशी असा राखणदार उभा करावा यात अभिरुचीचा प्रश्न कुठे येतो?

आता तुलनेसाठी त्याच नगरातील 'फॉनचे घर' घ्या. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील हे घर सुमारे ३००० चौरस मीटरचे, म्हणजे व्हेट्टींच्या घराच्या जवळजवळ तिप्पट. त्याने अख्खा एक चौकोन व्यापला आहे. चौक दोन, बागा दोन, आणि एका दालनाच्या जमिनीवर अलेक्झांडर व दरायस यांच्या युद्धाचे ते विख्यात कुट्टिमचित्र, जे १८३१ साली सापडले. स्वतःचा काडीचाही संबंध नसलेल्या मॅसिडोनियन राजाचा विजय पायाखाली अंथरणे, हे प्रदर्शन नव्हे तर काय? परंतु या घराच्या मालकाला कोणी उथळ म्हटल्याचे सहसा आढळत नाही. त्याचे कारण साधे आहे. मालकाचे नाव निश्चित नाही, तो कोणी जुन्या सरदार घराण्यातला असावा असे गृहीत धरले गेले, आणि त्याच्यासारख्याची टवाळी करणारा पेट्रोनियस त्याच्या वाट्याला आला नाही.

भिंतीवरील पुराणकथांचा विचार केल्यास ट्रिमाल्कियोची तुलना आणखीच लंगडी ठरते. ट्रिमाल्कियोच्या तोंडी सगळ्या कथांचा गोंधळ आहे. व्हेट्टींच्या भिंतींवर तो नाही. उलट, प्रत्येक खोलीतील तीन चित्रांची निवड विचारपूर्वक केलेली दिसते. इक्सिऑनने यजमान झ्यूसच्या पत्नीची अभिलाषा धरली आणि त्याला चाकाचा दंड मिळाला. दिर्कीने अँटिओपीला दासीसारखे राबवले, छळले. अखेर अँटिओपीच्या मुलांनी दिर्कीलाच बैलाला बांधले. पेन्थियसने परक्याच्या वेषात आलेल्या देवाला बेड्या घातल्या आणि त्यापायी तो जिवाला मुकला. बेथ सेव्हरी-होव्हेन यांनी २०१२ मधील एका निबंधात या चित्रांतील दंडित देहांचा विचार दास्य, स्वामित्व आणि लिंगभाव यांच्या संदर्भात केला. त्यांनी उघडलेल्या वाटेने थोडे पुढे गेल्यास एक गोष्ट जाणवते. रोमन कायद्यात फटक्यांची, बेड्यांची, छळाची शिक्षा ही दासाच्या देहाची ओळख होती. नागरिकाच्या देहाला तिच्यापासून संरक्षण होते. ज्यांनी आयुष्याचा पूर्वार्ध संरक्षणावाचून आणि उत्तरार्ध संरक्षणात घालवला, त्यांच्या भोजनगृहात बांधलेल्या, फाडलेल्या देहांची चित्रे आहेत. त्यातही इक्सिऑन हा मर्यादा ओलांडणारा पाहुणा आहे आणि दिर्की ही क्रूर मालकीण. एका भिंतीवर पायरी सोडणाऱ्याला शासन होते, दुसऱ्या भिंतीवर सत्ता गाजवणारीला. ही चित्रे इतर घरांतही आढळतात, तेव्हा ती व्हेट्टींचे आत्मचरित्र आहे असे म्हणणे धाडसाचे होईल. पण एकच संहिता वाचकागणिक वेगळा अर्थ देते, हे आपण कवितेच्या बाबतीत मान्य करतो. मग भिंतीच्या बाबतीत का करू नये? 'उसनी संस्कृती' हा शेरा मारून मोकळे होणाऱ्याने ही चित्रे वाचलेलीच नाहीत, इतके तर निश्चित म्हणता येईल.

लेबल आधी आणि वस्तू मागाहून, हा प्रकार एकट्या व्हेट्टींच्या वाट्याला आलेला नाही. त्याचे एक उदाहरण थेट आपल्या प्रदेशाशी येऊन भिडते. १९३८ साली अमेदेओ माइउरी यांच्या उत्खननात पॉम्पेईतील दुसऱ्या एका घरात सुमारे पाव मीटर उंचीची भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्यावरून ते घरच 'भारतीय मूर्तीचे घर' झाले. मूर्तीला 'लक्ष्मी' म्हटले गेले, कारण भारतीय देवी म्हटल्यावर ग्रंथांतून ठाऊक असलेले नाव ते होते. पुढे भोकरदन (जि. जालना) आणि तेर (जि. धाराशिव) येथे तिच्याशी जवळचे साम्य असलेले हस्तिदंती अवशेष मिळाले. सातवाहनकालीन दख्खनशी तिचा संबंध असावा, या मताला त्यामुळे बळ आले. मूर्तीवरील खरोष्ठी अक्षरामुळे वायव्येकडेही बोट दाखवले जाते. ती यक्षी असावी, आणि मुळात एखाद्या उपकरणाची वा आसनाची मूठ वा पाय म्हणून घडवलेली असावी, असे आज अनेक अभ्यासक मानतात. तरीही 'पॉम्पेईची लक्ष्मी' हे नाव सुटलेले नाही. दोन्ही ठिकाणी ग्रंथातून आलेले नाव वस्तूला चिकटले आणि वस्तू स्वतः काय सांगते हे ऐकायला वेळ लागला.

येथवर आपण व्हेट्टींची बाजू घेतली. पण मघाचा प्रश्न प्रामाणिकपणे विचारायचा, तर तो व्हेट्टींच्या घराच्या आतही विचारावा लागेल. पेट्रोनियसच्या हाती मुक्तदासाचा आरसा होता. व्हेट्टींच्या हाती कोणाचा होता?

क्यूपिडांच्या पट्ट्याकडे पुन्हा पाहा. हे चित्र मनोहर आहे यात शंका नाही. पण त्यात दाखवलेली सारी कामे प्रत्यक्षात दास आणि गरीब कारागीर करीत. कापड धुण्याचाच धंदा घ्या. रोमन धोबी कापड स्वच्छ करण्यासाठी मानवी मूत्राचा उपयोग करीत आणि हौदात उभे राहून तासन् तास कापड पायांनी तुडवीत. भिंतीवर हेच काम गोंडस, पंखधारी बालके हसतखेळत करतात. घाम नाही, दुर्गंध नाही, थकवा नाही. ज्या घराची संपत्ती व्यापारातून आली असावी, त्या घराच्या भोजनगृहात श्रम येतो तो असा, क्रीडा होऊन.

खरा श्रम थोड्याच अंतरावर होता. मुख्य चौकाच्या उत्तरेस एक लहान चौक आहे. त्यात गृहदेवतांचे सुंदर देवघर आहे. दोन नाचणारे लार, मध्ये अर्घ्य देणारा कुलपुरुषाचा प्रतिनिधी आणि खाली वेदीकडे सरपटत जाणारा साप. त्याला लागून स्वयंपाकघर. उत्खनन झाले तेव्हा चुलवणावर कांस्याची भांडी तशीच होती. ऐन वैभवाच्या या घरात स्वयंपाकघर लहान, अंधारे आणि धुराने कोंदणारे आहे. पाहुण्याची दृष्टी तेथवर जाऊ नये अशीच आखणी आहे. अँड्र्यू वॉलेस-हॅड्रिल यांनी १९८८ मधील निबंधात आणि १९९४ मधील ग्रंथात रोमन घराची जी मीमांसा केली, तिचा गाभाच हा आहे की या घरात सार्वजनिक आणि खाजगी, भव्य आणि हीन असे दुहेरी अक्ष असतात आणि सजावट पाहुण्याला आपण कोठे आहोत व कोठे जाऊ नये हे सांगत असते. स्वयंपाकघराकडे जाणारी वाट कोणतेही चित्र दाखवत नाही.

याच स्वयंपाकघराला लागून एक लहान खोली आहे आणि तिच्या भिंतींवर तीन संभोगचित्रे आहेत. ती खोली स्वयंपाक्यासाठी रंगवली असावी असे काहींनी म्हटले, तर तेथे देहविक्रय होत असावा असे इतरांनी. दुसऱ्या मताला जो आधार दिला जातो तो घराच्या प्रवेशमार्गात आहे. तेथील गिलाव्यावर कोणीतरी अणकुचीदार वस्तूने चारसहा शब्द कोरले आहेत : युटिकिस, ग्रीक, दोन अॅस, सुस्वभावी. अॅस हे तांब्याचे किरकोळ नाणे. पॉम्पेईच्याच एका गुत्त्यातील मजकुरानुसार एका अॅसला साधे मद्य मिळे. म्हणजे दोन पेले मद्याच्या किमतीत एक स्त्री. काही विद्वान हा मजकूर जाहिरात मानतात, काही कोणा टवाळखोराने केलेली नालस्ती. दोन्ही परिस्थितींत एक गोष्ट तीच राहते. तिच्याविषयी जे काही लिहिले गेले ते दुसऱ्याने लिहिले. 'ग्रीक' हे विशेषणसुद्धा जन्मस्थान सांगणारे आहे की बाजारात माल खपवण्यासाठी लावलेले, हे तिला विचारण्याची सोय नाही. युटिकिस या ग्रीक नावाचा अर्थ भाग्यवती असा होतो. दासांना अशी शुभसूचक नावे धनी ठेवीत.

मुक्तदासांनी दास बाळगणे ही रोमन समाजातील सर्वसामान्य गोष्ट होती. व्हेट्टींसारख्यांना ज्या व्यवस्थेने चिरडले, त्याच व्यवस्थेने त्यांना वर येण्याची एक अरुंद शिडी दिली, आणि वर आल्यावर त्यांनी शिडी खालून धरणाऱ्यांना आपल्या चित्रांत स्थान दिले नाही. हे म्हणण्यात व्हेट्टींवर नैतिक निर्णय देण्याचा हेतू नाही. पेट्रोनियसच्या उपहासाचे बळी म्हणून त्यांच्याविषयी सहानुभूती वाटणे स्वाभाविक आहे. तथापि ती सहानुभूती दिवाणखान्यातच थांबली, तर आपण एका आरशाच्या जागी दुसरा आरसा बसवला, एवढेच होईल.

साहित्याच्या अभ्यासकाने या घराकडून काय घ्यावे? पेट्रोनियस टाकून द्यावा, असे मुळीच नव्हे. त्याचे कथन ही लॅटिन गद्याची एक अजोड कृती आहे, आणि मुक्तदासांविषयी उमरावांना काय वाटत होते, त्यांची कोणती भीती ते हसण्यावारी नेत होते, याचा तो पहिल्या दर्जाचा पुरावा आहे. फक्त तो मुक्तदासांविषयीचा पुरावा नाही. मुक्तदासांपैकी काहींनी लेखन केलेही. बोधकथाकार फीड्रस हा परंपरेनुसार ऑगस्टसचा मुक्तदास होता. कवी होरेसचा बाप मुक्तदास होता आणि होरेसने ते लपवले नाही. परंतु ट्रिमाल्कियोच्या मेजवानीला तोड देईल अशी, मुक्तदासाच्या घरची आतून सांगितलेली हकीगत लॅटिनमधून आपल्यापर्यंत आलेली नाही. त्या रिकाम्या जागी व्हेट्टींचे घर उभे आहे. ते कादंबरीचे सचित्र परिशिष्ट म्हणून वाचले की ती जागा पुन्हा रिकामी होते.

म्हणून पुराव्यांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. आधी भिंत पाहावी, तिचे इतर भिंतींशी नाते लावावे, आणि मग ग्रंथ उघडावा. ग्रंथाची साक्ष काढताना ती कोण, कोणाविषयी, कोणासमोर देतो आहे हेही नोंदवावे. आपल्या विद्यापीठीय शिस्तीत हा क्रम बहुधा उलटा असतो, कारण ग्रंथ हाताशी असतो आणि भिंत दूर. व्हेट्टींच्या घरात तर ग्रंथ, भित्तिचित्र आणि दाराशी कोरलेले चार शब्द अशा तीन प्रकारच्या साक्षी एकत्र आल्या आहेत. पेट्रोनियसवर गेल्या साडेतीन शतकांत ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले आहेत. व्हेट्टींच्या चित्रांवरही आता विपुल लेखन झाले आहे. युटिकिसविषयी जे काही आहे, ते एका वाक्याचे आहे आणि त्यात तिच्या नावापाठोपाठ येते ती तिची किंमत.